पुढच्या दातांतली फट : हिरडीच्या जुन्या रोगाची सतरा महिन्यांची नोंद

जानेवारीतला बुधवार होता. आमच्याकडे बुधवारी आठवडी बाजार भरतो, त्यामुळे त्या दिवशी दवाखान्यात आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं जास्त असतात. अशीच एक ५३ वर्षांची बाई सुनेबरोबर आली. मी त्यांना मावशी म्हणते, इथंही तेच म्हणेन. ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील बदलले आहेत, आजार आणि आकडे तसेच ठेवलेत.

मावशींचं काही दुखत नव्हतं. तक्रार होती ती फोटोची. डिसेंबरात भाचीचं लग्न झालं, फोटो सुनेच्या मोबाइलवर आले आणि त्यात मावशींना आपल्या वरच्या पटाशीच्या दोन दातांमध्ये फट दिसली. "ही आधी नव्हती. एवढी बुजवून द्या, मॅडम."

मी जुना फोटो मागितला. सुनेनं स्वतःच्या लग्नातला, आठ वर्षांपूर्वीचा फोटो शोधला. बोटांनी मोठा करून पाहिला तर मावशींचे दात एकमेकांना चिकटून उभे होते. आता मोजलं तर मधली फट ३ मिलिमीटर, आणि वरचे चारही दात पंखा उघडावा तसे पुढं पसरलेले. आठ वर्षांत एवढे दात सरकले, तर खालच्या हाडाची पकड ढिली झाली असणार असं धरून मी तपासायला घेतलं.

तोंड उघडल्यावर

आधी गप्पांतून मिळालेली माहिती. साखर सहा वर्षांपासून. गोळी "आठवण राहील तशी". मिश्री लग्नाआधीपासून, म्हणजे पस्तीसेक वर्षं, दिवसातून चार-पाच वेळा. जुन्या तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत घरीच भाजायची, हातानं चुरायची, डबीत भरायची. "ती लावल्याशिवाय सकाळी पोट साफ होत नाही," हे वाक्य मी इतक्या बायकांकडून ऐकलंय की आता त्यावर वाद घालत नाही. हिरड्यांतून रक्त? "येतं की. उष्णतेनं येतं." वर्षातून दोन-तीनदा हिरडी सुजायची, मग मेडिकलमधून तीन दिवसांच्या गोळ्या आणायच्या, सूज उतरायची आणि विषय संपायचा. दोन दाढा आधीच गेलेल्या. त्यातली खालची तीन वर्षांपूर्वी मावशींनी स्वतः दोन बोटांत धरून काढली होती. "रक्तसुद्धा आलं नाही फारसं," असं त्यांनी थोड्या कौतुकानंच सांगितलं.

आणि जाता जाता सून म्हणाली, "आई हल्ली भाकरी दुधात कुस्करून खातात." ही खरी तक्रार होती. पण ती कुणी तक्रार म्हणून सांगितलीच नव्हती.

तोंडात २६ दात होते. हिरड्यांच्या कडांवर मिश्रीचा काळपट थर, त्यामुळे लाली दिसतच नव्हती. वरवर पाहणाऱ्याला हिरड्या घट्ट, जाड, ठीकठाक वाटल्या असत्या. खालच्या पुढच्या सहा दातांच्या आतल्या बाजूला मात्र कीटणाची सलग भिंत होती, इतकी सलग की दोन दातांमधली सीमारेषा जिभेलाही लागू नये. कीटण नेमकं तिथंच जास्त साठतं, कारण जिभेखालच्या लाळग्रंथींच्या नळ्या तिथं उघडतात. दातावर रोज बसणारा चिकट थर घासून काढला नाही की लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात मुरतं आणि काही दिवसांत त्याचा दगड होऊ लागतो. एकदा दगड झाला की ब्रशनं निघत नाही.

मग मापं घेतली. हिरडी आणि दात यांच्यामध्ये एक अरुंद खाच असते. निरोगी माणसात ती १ ते ३ मिलिमीटर खोल. त्यात काळ्या पट्ट्यांची एक बारीक बोथट सळई हलक्या हातानं सरकवायची आणि कुठल्या पट्टीपर्यंत आत जाते ते वाचायचं. एका दाताभोवती सहा ठिकाणी. मी आकडे बोलते, सहायक लिहिते. "तीन, दोन, चार. पाच, सात, सात. रक्त." मावशी पडल्या पडल्या ऐकत होत्या. मधेच हात वर करून म्हणाल्या, "कितीला दात जातो?"

पस्तिशीच्या एखाद्या इंजिनिअरलाही हा प्रश्न सुचत नाही. मी सांगितलं, आकड्यावर दात जात नाही, पण चारच्या पुढं आपण जागे होतो आणि सहाच्या पुढं झोप उडते. १५६ जागांपैकी ८८ जागी माप ४ किंवा जास्त होतं, ४१ जागी ६ किंवा जास्त. सगळ्यात खोल जागा वरच्या डाव्या शेवटच्या दाढेशी, ९ मिलिमीटर. खालचे मधले दोन दात बोटानं मागंपुढं हलत होते. वरची ती दाढ तर दाबली की खालीवरही होत होती.

एक्स-रेमध्ये उरलेलं दिसलं. दाताच्या मुळाभोवतीचं हाड निरोगी माणसात दाताच्या मानेच्या एक-दोन मिलिमीटर खालपर्यंत असतं. मावशींच्या खालच्या पुढच्या दातांशी ते मुळाच्या निम्म्याखाली उतरलं होतं. वरच्या त्या दाढेशी सुमारे ७० टक्के हाड गेलेलं, तिन्ही मुळांच्या बेचक्यातून सळई आरपार जात होती.

२०१७ मध्ये अमेरिकी आणि युरोपीय हिरडीतज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून या रोगाचं नवं वर्गीकरण ठरवलं. त्यात रोग किती पुढं गेला याचे चार टप्पे आणि किती वेगानं जातोय याच्या तीन श्रेणी आहेत. वेग काढायची एक सोपी रीत अशी: सगळ्यात वाईट जागी हाड किती टक्के गेलं, त्याला वयानं भागायचं. ७० भागिले ५३, म्हणजे १.३. एकच्या वर गेलं की सर्वांत वेगवान श्रेणी. तिकडे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा आला ९.४. तो ७ किंवा त्याहून जास्त असला तरी श्रेणी तीच. दात पसरलेले, चावणं बिघडलेलं, म्हणून टप्पा चौथा. लोकांच्या भाषेत पायोरिया, शेवटच्या पायरीवरचा.

दुखलं का नाही

हे सुनेनं विचारलं. दाताला कीड लागते तेव्हा ती आतल्या नसेपर्यंत पोचते आणि ठणका लागतो, माणूस रात्री दोनला उठून लवंग शोधतो. हिरडीचा रोग दाताच्या बाहेरून, मुळाच्या कडेनं खाली उतरतो. नसेला तो शिवत नाही. शिवाय ती खाच वरून उघडी असते, पू साठला तरी झिरपून जातो, दाब तयार होत नाही. खाचेचं तोंड बंद झालं तरच सूज आणि दुखणं. मावशींना वर्षातून दोन-तीनदा सूज यायची ती याचीच. तेव्हा घेतलेल्या गोळ्यांनी सूज उतरायची, दगड जागेवरच राहायचा.

हाड जंतू खात नाहीत, ही गोष्ट मात्र मला दर वेळी नव्यानं सांगावी लागते. मुळाला चिकटलेला जंतूंचा थर हटत नाही म्हटल्यावर शरीर तिथं सतत लढत राहतं आणि त्या लढाईत आपल्याच पेशी हाड विरघळवतात. एका अर्थी शरीर संकटापासून माघार घेत असतं. साखर वाढलेली असली की ही लढाई जास्त पेटते आणि मोडलेलं सांधण्याची ताकद कमी पडते. नुसती हिरडी सुजलेली असेपर्यंत सगळं मागं फिरवता येतं. १९६५ मध्ये डेन्मार्कमधल्या आरहूस इथं हाराल्ड ल्यो आणि सहकाऱ्यांनी १२ निरोगी माणसांचं दात घासणं बंद केलं होतं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि घासणं पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवड्यात पूर्ववत झाल्या. हाड उतरायला लागल्यावर ही परतीची वाट बंद होते. पुढं रोग थांबवता येतो, गेलेलं हाड बहुतेक ठिकाणी परत येत नाही.

कवळी की दात

पुढच्या भेटीला मुलगा आला. तो मधल्या काळात दुसरीकडं विचारून आला होता आणि तिथं त्याला सगळे दात काढून स्क्रूचे दात बसवा असं सांगितलं होतं. खर्च ऐकून तो मुकाट झाला होता, पण डोक्यात तेच होतं. "एकदाच काय ते होऊन जाऊ दे."

मला हा सल्ला पटला नाही, आणि का ते स्पष्टच लिहिते. ज्या तोंडात हिरडीचा रोग पेटलेला आहे, साखर ९.४ आहे आणि मिश्री चालू आहे, त्या तोंडात बसवलेल्या स्क्रूभोवतीचं हाडही तसंच झडू शकतं. नैसर्गिक दाताला निदान हिरडीचे धागे आडवे घुसून धरून ठेवतात, स्क्रूला तेही नसतं. २६ पैकी खरोखर निकालात निघालेले दात दोन होते: वरची ती दाढ आणि तिच्या शेजारची. बाकीच्यांबद्दल आज निकाल द्यायची घाईच काय? सूज उतरल्यावर अनेक डळमळीत दात पुष्कळसे स्थिर होतात. तीन महिने थांबून ठरवलं तर नुकसान काही नाही.

मुलगा पूर्ण पटला असं नाही. मावशी पटल्या, कारण त्यांना दात काढण्याची भीती वाटत होती. निर्णय कित्येकदा असेच होतात.

माझी चूक

पहिल्या बैठकीत मी खालचे पुढचे दात घेतले. मशीनच्या टोकानं ती कीटणाची भिंत फोडली. एक तुकडा, हरभऱ्याच्या डाळीएवढा, सलग निघाला. बाहेरून पिवळट, हिरडीखालचा भाग हिरवट काळा आणि दगडासारखा कठीण. मी तो कापसावर ठेवून मावशींना दाखवला. मला वाटलं त्या प्रभावित होतील.

दुसऱ्या दिवशी फोन आला. सून बोलत होती, मागून मावशींचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. "काल घट्ट होते, आज हलतायत. हिनं हलवले." पुढची बैठक आठवड्यानं ठरली होती, त्या आल्या नाहीत. एकोणीस दिवस आल्या नाहीत.

"दात साफ केले की सैल होतात" हे वाक्य आमच्या भागात घराघरात आहे, आणि त्याला निव्वळ अडाणीपणा म्हणून उडवून लावणं मला बरोबर वाटत नाही. माणसाला खरंच तसं जाणवतं. सहा दात आतून एकाच दगडात गाडलेले होते. हाड गेलेलं होतं, तरी दगडानं त्यांना एकमेकांत बांधून ठेवलं होतं. जुन्या भिंतीवरचा वेल कापल्यावर भिंत डुगडुगते, तसं. दगड काढला तेव्हा आधीपासूनचं हलणं उघडं पडलं. शिवाय दगड जिथं होता तिथं आता मोकळी फट, जीभ दर मिनिटाला तिथं जाते, गार पाणी झोंबतं.

हे सगळं मला माहीत होतं. मी आधी सांगितलं नव्हतं. मी एक्स-रे दाखवला, टप्पे सांगितले, साखर सांगितली, आणि उद्या सकाळी जिभेला काय लागणार आहे तेवढंच सांगायचं राहिलं. आता मी कीटणाला हात लावण्याआधी रुग्णाच्या हातात आरसा देते आणि त्यालाच बोटानं दात हलवून बघायला लावते. "हा आत्ता किती हलतोय? उद्या याहून थोडा जास्त वाटेल." काही लोक तिथंच उठून जातात. पण मधेच गायब होणारे कमी झालेत.

मावशींना परत आणलं ते सुनेनं. काय सांगून आणलं ते मी विचारलं नाही. आल्या त्या खुर्चीत बसायच्या आधी भांडायलाच. त्यांचा मुद्दा बिनतोड होता: "माझी सासू राखुंडीनं दात घासायची. मिश्री मरेपर्यंत लावली. ऐंशीव्या वर्षी ऊस खायची."

त्यांना मी श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांची गोष्ट सांगितली. त्याच ल्यो यांनी १९७० पासून पंधरा वर्षं तिथल्या ४८० मजुरांच्या हिरड्या तपासल्या. या माणसांना ब्रश माहीत नव्हता, दंतवैद्य भेटला नव्हता, सगळ्यांच्या दातांवर थर आणि दगड होता. तरी ११ टक्क्यांचं हाड जवळजवळ उतरलंच नाही. ८१ टक्क्यांचं मध्यम गतीनं उतरलं आणि ८ टक्क्यांचं झपाट्यानं. घाण सारखीच, पण सोसणारं शरीर निराळं. "तुमच्या सासूबाई त्या अकरांतल्या," मी म्हटलं. "तुम्ही नाही."

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "तिला साखर पण नव्हती." आणि खुर्चीत बसल्या.

काम

पुढचं काम कंटाळवाणं आहे, म्हणून थोडक्यात. चार बैठका, दर वेळी तोंडाचा एक भाग सुन्न करून. बैठक सकाळी नाश्ता आणि गोळी झाल्यावरच, साखर तिथल्या तिथं तपासून. हिरडीखालचा दगड आधी मशीननं, मग हाताच्या वाकड्या पात्यांनी. या पात्यांना ग्रेसी क्युरेट म्हणतात, त्यांच्या प्रत्येक जोडीचा बाक वेगळा, कारण दाढेच्या मागच्या बाजूला जाणारं पातं पुढच्या दाताला चालत नाही. मुळावरून पातं खरखरत जातं तोवर दगड आहे, काचेवरून गेल्यासारखं झालं की थांबायचं. डोळ्यांना तिथलं काही दिसत नाही, सगळं बोटांच्या टोकांना कळतं. त्या दोन दाढा काढल्या. खालचे सहा दात आतून बारीक गुंफलेल्या तारेनं आणि दाताच्या रंगाच्या मसाल्यानं एकत्र बांधले. मावशींनी लगेच विचारलं, "आता फुटाणे?" मी नाही म्हटलं.

घरचं काम जास्त अवघड होतं. दातांमधून फिरवायचा धागा मावशींना जमेना, पहिल्याच दिवशी त्यांनी तो बोटावरून सोडून सुनेच्या शिवणाच्या डब्यात टाकला. पण बाटली धुवायच्या ब्रशचं पिल्लू असावं तसा दोन दातांमधला छोटा ब्रश त्यांना एकदम आवडला. दातांमधल्या फटी मोठ्या होत्या, त्यामुळे तो धाग्यापेक्षा चांगलंच काम करतो. क्लोरहेक्सिडीनची जंतुनाशक चूळ दोनच आठवडे दिली, पुढं ती दात तपकिरी करते आणि चव घालवते.

मिश्रीचं मी एकदम सोडा म्हटलं नाही. गालाच्या, ओठाच्या आत पांढरा चट्टा नाही ना ते नीट पाहिलं. खालच्या ओठाच्या आत, जिथं बोट फिरतं तिथं, कातडी सुरकुतलेली आणि फिकट होती. तिचा फोटो काढून ठेवला आणि दर भेटीला ताडून पाहते. त्यांनाही दाखवला. पाच वेळांची मिश्री पहिल्या दोन महिन्यांत सकाळच्या एका वेळेवर आली. ती एक वेळ अजून आहे.

आकडे

जूनमध्ये पुन्हा सगळी मापं घेतली. आता २४ दात, १४४ जागा. ४ किंवा जास्त माप ३९ जागी, ६ किंवा जास्त ११ जागी. सळई लावल्यावर रक्त येणाऱ्या जागा आधी निम्म्याहून जास्त होत्या, त्या पाचांत एकापेक्षा कमी राहिल्या. खोलवर राहिलेल्या जागांपैकी बऱ्याच उजव्या खालच्या दाढांशी होत्या, म्हणून जुलैत तिथली हिरडी उघडून मुळं डोळ्यांदेखत साफ केली.

साखरेचा आकडा ९.४ वरून तीन महिन्यांत ८.१ आणि पुढं ७.३ वर आला. मुलानं याचं श्रेय मला दिलं. मी ते घेतलं नाही. मधल्या काळात मावशींच्या फिजिशियननी औषध बदललं होतं आणि गोळी रोज पोटात जाऊ लागली होती, सून समोर उभी राहून देत होती. हिरडीच्या उपचारानं साखरेवर किती फरक पडतो यावर भरपूर वाद झालेत. २०१३ मध्ये अमेरिकेत ५१४ रुग्णांच्या एका मोठ्या चाचणीत फरक दिसला नव्हता. पुढं २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यात सगळ्या चाचण्या एकत्र मांडल्या तेव्हा तीन-चार महिन्यांत सरासरी ०.४३ अंकाची घट निघाली. चांगली आहे, पण मावशींची १.३ ची घट त्यातून निघत नाही. "हिरड्या साफ करा, हृदयविकार टाळा" असले व्हॉट्सॅपवरचे निरोप मला रोज येतात. दोन्ही रोग एकाच माणसात पुष्कळदा सापडतात हे खरं. एकावरच्या उपचारानं दुसरा टळतो असं अजून सिद्ध झालेलं नाही.

आणि ती फट. सूज उतरल्यावर पुढचे दात थोडे आपणहून मागं येतात, हे आम्ही अधूनमधून पाहतो. मावशींची ३ मिलिमीटरची फट वर्षभरात २ च्या आत आली. पूर्ण बुजली नाही. मसाला भरून बुजवता येईल, पण मी दोनदा टाळलं, कारण दात अजून जागा शोधत होते. मावशींना हे आवडलेलं नाही. ज्यासाठी त्या आल्या होत्या नेमकं तेच मी अजून केलेलं नाही, याची आठवण त्या दर भेटीला करून देतात.

सतराव्या महिन्यात, या जूनमध्ये, त्या शेवटच्या आल्या. भाकरी दुधाशिवाय चालू झाली आहे, कडेचा कडक भाग मात्र सुनेच्या ताटात जातो. खालच्या उजव्या शेवटच्या दाढेच्या मागं एका जागी अजून ६ मिलिमीटर, आणि रक्त. बाकी शांत. ती जागा पुन्हा साफ केली, मागच्या बाजूला छोटा ब्रश कसा वळवायचा ते पुन्हा दाखवलं. तीन महिन्यांनी, म्हणजे सप्टेंबरात, पुढची तारीख द्यायची होती. मावशींनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघून बोट नाचवत दिवस मोजले.

"गौरी जेवून गेल्या की येते," त्या म्हणाल्या. "तेव्हा ती फट बुजवायची."

मी कार्डावर लिहिलं: दाढेचं माप, ओठाचा फोटो, फट.